ग्वानाकास्तेच्या रानांतील रक्तपायी

मध्य अमेरिकेंतील कोस्टा रिका या लहानशा देशाच्या वायव्येस ग्वानाकास्ते नांवाचा प्रांत आहे. डिसेंबरपासून एप्रिलपर्यंत तेथें पाऊस जवळजवळ पडतच नाहीं. झाडें पानें टाकून उभीं राहतात आणि वाळलेल्या कुरणांत गुरें चरत असतात. आपल्याकडील उन्हाळ्याचीच आठवण व्हावी असा तो देखावा! पण सकाळीं गुरांजवळ गेलें असतां एखाद्या गाईच्या मानेवर किंवा खुरापाशीं वाळलेल्या रक्ताचा ओघळ दिसतो. रात्रीं वटवाघूळ येऊन गेल्याची ती खूण होय.

आपल्याकडे पिंपळावर लोंबणारीं वटवाघुळें फळांवर राहतात. केवळ रक्तावर जगणाऱ्या जाती जगांत अवघ्या ३ असून त्या अमेरिका खंडाबाहेर कोठेंही नाहींत. त्यांपैकीं गुरांस उपद्रव देणारें हें वटवाघूळ मुठींत मावेल एवढेंच, वजनानें २५ ते ४० ग्रॅम. तें भुईवर उतरून, मिटलेल्या पंखांच्या आधारानें चालत व उड्या मारीत निजलेल्या जनावराजवळ जातें. कातडीखालीं ऊन रक्त कोठें वाहतें हें त्याच्या नाकास उष्णतेवरून कळतें. वस्तऱ्यासारख्या दांतांनीं तें कातडीचा बारीकसा टवका काढतें. गाय बहुधा जागीही होत नाहीं. मग मांजरानें दूध चाटावें तसें तें रक्त चाटूं लागतें. त्याच्या लाळेमुळें रक्त गोठत नाहीं. कधीं कधीं तें आपल्या वजनाच्या निम्म्याइतकें रक्त पितें, आणि भार हलका व्हावा म्हणून त्यांतील पाणी लगेच मूत्रावाटे टाकूं लागतें.

चमचाभर रक्त गेल्यानें गाय मरत नाहीं. परंतु या चाव्यांतून जलसंत्रासाचा रोग गुरांत शिरला, तर गुराख्याचें सर्वस्व जातें. त्यानें या प्राण्याच्या जिवावर उठावें यांत नवल तें काय?

तरीही दिवसा ज्या ढोलींत हे चोर निजतात तेथील संसार पाहण्याजोगा आहे. मुलगे मोठे झाले कीं बाहेर पडतात. लेकी मात्र बहुधा आईपाशींच राहतात. सलग दोन-तीन रात्री उपास घडला तर हा प्राणी मरतो, आणि शिकार न साधण्याचे प्रसंग तर पिलांवर वारंवार येतात. जेराल्ड विल्किन्सन या शास्त्रज्ञानें याच प्रांतांतील वटवाघुळांचें निरीक्षण करून १९८४ सालीं प्रसिद्ध केलें कीं, पोट भरलेली मादी उपाशी सोबतिणीच्या तोंडांत आपल्या पोटांतील रक्त काढून घालते. आणि ही केवळ नात्यागोत्याची माया नव्हे. दीर्घ सहवासांतल्या परक्या मादीलाही ती भरवते. आपल्या घरांतील हातउसन्याचाच हा व्यवहार!

म्हणून ढोलीस सरसकट आग लावणें हा उपाय नव्हे. त्यांत किडे खाणारीं, फुलाफळांवर जगणारीं निरुपद्रवी वटवाघुळेंही होरपळतात, आणि रानाचें नुकसान होतें. गुरांस जलसंत्रासाची लस टोंचणें हा शहाणपणाचा मार्ग आहे. त्यानें गोठा राखला जातो, आणि ढोलींतला संसारही.