गुडघ्याची वाटी

आमचा वर्ग तिसऱ्या मजल्यावर. जिना चढताना फारसे नाही, पण उतरताना गुडघा दुखतो, असे आम्ही स्टाफरूममध्ये सांगितले तेव्हा सगळे हसले. वय पस्तीस. गुडघे दुखायचे तर अम्मींचे दुखावेत! पण अम्मी पासष्टीतही जमिनीवर नमाज पढतात आणि आम्ही सजद्यातून उठताना पलंगाचा कठडा धरत होतो. कोणी पाहू नये म्हणून दार लावून.

'हाडे झिजली, चालू नका,' असा सल्ला शेजारून मिळाला. बी.एड. झालेल्या माणसाने तो ऐकावा याची आज लाज वाटते. तीन महिने रिक्षाने शाळा, बाजार बंद. दुखणे वाढलेच.

हाडांच्या डॉक्टरांनी एक्स-रे काढला, तो स्वच्छ निघाला. त्यात कूर्चा दिसतच नाही. गुडघ्याची वाटी मांडीच्या हाडाच्या खाचेत वरखाली सरकते. तिच्या आतल्या बाजूला कूर्चेचा गुळगुळीत थर असतो. आमचा तो मऊ, खडबडीत झाला असावा, म्हणून ती करकर. कूर्चेला रक्तवाहिन्या नसतात, त्यामुळे ती सहजी भरून येत नाही. तिला मज्जातंतूही नसतात. दुखते ते खालचे हाड आणि भोवतालचे अस्तर. गुडघा जितका वाकेल तितकी वाटी दाबली जाते. जिन्यावर हा दाब शरीराच्या वजनाच्या तिपटीच्या आसपास जातो, उकिडवे बसल्यावर त्याहूनही जास्त. रुकूत गुडघे सरळ, म्हणून रुकू सोपा जायचा. अत्तहिय्यात पढायला बसलो की जीव जायचा.

वाटीला जागेवर धरतो तो मांडीचा स्नायू, आणि आम्ही तोच आरामाने सुकवला होता. डॉक्टरांनी टेपने मोजले तर उजवी मांडी डावीपेक्षा दोन सेंटीमीटर बारीक! शस्त्रक्रियेचे नावही त्यांनी काढले नाही. फजरनंतर गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून मांडी आवळायची, दहापर्यंत मोजायचे. मग पाय सरळ ठेवून वीतभर उचलायचा. कुल्ल्यांच्या स्नायूंचे व्यायाम वेगळे. सपाट रस्त्यावर चालायचे, उकिडवे बसायचे नाही. पहिला महिना काहीच फरक नाही, म्हणून आम्ही दोनदा सोडून दिले. तिसऱ्या महिन्यात जिना कठड्याशिवाय उतरलो.

राहिली खुर्ची. शिक्षकाने खुर्चीला चिकटून राहू नये, हे पाठ घेताना बजावले गेले होते. नमाजच्या खुर्चीचा संकोच त्याहून मोठा. वास्तविक हजरत इमरान बिन हुसैन यांना मूळव्याध होती. त्यांनी विचारले तेव्हा उभ्याने जमत नसेल तर बसून, तेही जमत नसेल तर कुशीवर, अशी सवलत मिळाली. ही हदीस आम्ही मुलांना कितीदा समजावली असेल!

रमजानात तरावीह सुरू झाली आणि गुडघा पुन्हा कुरकुरला. अम्मींनी स्वयंपाकघरातली प्लास्टिकची खुर्ची उचलली, मुसल्ल्याशेजारी ठेवली आणि म्हणाल्या, "बैठ जा बेटा, मुझे भी बीस रकात भारी पडते." त्यांचेही गुडघे दुखतात, हे आम्हाला त्या रात्री कळले.