सहा कॉर्ड

लेनर्ड कोहेनचं नाव निघालं की लोक त्याच्या शब्दांबद्दल बोलतात. साहजिक आहे, हा माणूस आधी कवी, कादंबरीकार, आणि गाण्याकडे वळला तो तिशी उलटल्यावर. पण माझ्या कानात त्याचे शब्द शिरण्याच्या कितीतरी आधी त्याचा उजवा हात शिरला. ‘द स्ट्रेंजर साँग’ हे १९६७च्या पहिल्याच अल्बममधलं गाणं. अंगठा जाड तारेवर बेतानं पडत राहतो आणि उरलेली बोटं बारीक तारांवरून अशी झरझर फिरतात की सुटा सूर हाती लागत नाही, नुसती एक सलग थरथर ऐकू येते. तिच्यावरून आवाज मात्र सावकाश, काही घाई नसल्यासारखा येतो. हाताला धाप लागलेली, गळा निवांत. १९७१च्या ‘ॲव्हलांच’मध्ये पुन्हा तोच हात, फक्त काळोख जास्त दाट.

हा हात आला कुठून, ते त्यानंच सांगितलं, फार उशिरा. ऑक्टोबर २०११मध्ये स्पेनमधल्या ओव्हिएदोला पुरस्कार घेताना. माँट्रियलला आईच्या घराला लागूनच्या सार्वजनिक बागेत, टेनिस कोर्टाशेजारी, एक स्पॅनिश तरुण गिटार वाजवत होता. कोहेननं मोडक्यातोडक्या फ्रेंचमध्ये त्याला शिकवशील का म्हणून विचारलं. तरुणानं त्याची बोटं धरून तारांवर ठेवली आणि फ्लामेंकोतल्या सहा कॉर्ड घोटून घेतल्या. तीन दिवस शिकवणी झाली. चौथ्या दिवशी तो आलाच नाही. चौकशी केली तेव्हा कळलं, त्यानं आत्महत्या केली होती. माझी सगळी गाणी, सगळं संगीत त्या सहा कॉर्डवर उभं आहे, असं कोहेन त्या सभेत म्हणाला.

कलावंत समारंभात जरा वाढवून बोलतात, हे धरूनही मला ते पटतं. वारकऱ्यांच्या एकाच चालीत कितीतरी अभंग बसतात. चाल तीच म्हणून कुणी कुरकुरत नाही. कोहेनकडेही अशा मोजक्याच चाली. एक ती थरथर. दुसरा तीन मात्रांचा झोका, ‘फेमस ब्लू रेनकोट’मधला, लोर्काच्या कवितेवरून केलेल्या ‘टेक धिस वॉल्ट्झ’मध्ये तो उघडच नाचायला लागतो. आणि तिसरी, मला सर्वांत प्रिय, बायकांच्या आवाजांची साथ. हा खर्जात काहीतरी पुटपुटतो आणि मागून त्या ध्रुवपद उचलतात. वय वाढलं तसा त्याचा गळा खाली खाली गेला, साथ मात्र होती तिथेच राहिली. त्यामुळे मधलं अंतर दर अल्बमला वाढत गेलेलं ऐकू येतं.

या साथीच्या गोष्टीत मुंबईही येते. १९९९मध्ये तो तिथे होता. कॅलिफोर्नियातल्या झेन मठातून उतरून रमेश बलसेकरांच्या सत्संगाला येत असे. बलसेकर बँकेतून निवृत्त झालेले, आणि खेतवाडीत विडीचं दुकान चालवणाऱ्या निसर्गदत्त महाराजांचे शिष्य. महाराजांची मराठी निरूपणं इंग्रजीत सांगणारे. त्यानंतरचा २००१चा अल्बम घरच्या सिंथेसायझरवर केलेला आहे. ते यंत्र मला अजूनही सोसत नाही, पण साथीला शॅरन रॉबिन्सन या गायिकेचा आवाज आला की सगळं माफ.

हयातीतल्या शेवटच्या अल्बमात, २०१६मध्ये, काही ठिकाणी बायकांच्या जागी पुरुषांचा वृंद आला: माँट्रियलच्या त्याच सिनेगॉगचा, जिथे त्याचे आजोबा अध्यक्ष होते. ज्यूंच्या योम किप्पूर या पवित्र दिवसाच्या प्रार्थनेवरून त्यानं १९७४मध्येच ‘हू बाय फायर’ बांधलं होतं, म्हणजे हा सूरही नवा नव्हे. अल्बम निघाल्यावर तीन आठवड्यांच्या आत तो गेला.

कोहेन अजून ऐकला नसेल, तर ‘हालेलुया’पासून सुरुवात करू नका, ते इतरांनी फार गाऊन ठेवलंय. ‘द स्ट्रेंजर साँग’ लावा, आणि पहिल्या खेपेला शब्दांकडे बिलकूल लक्ष देऊ नका.