कपाटातली दिवाळी

एखाद्या घरी पहिल्यांदा गेले की मी आजी-आजोबांना त्यांचं कपाट दाखवायला सांगते. गुडघे, मनगटं, बोटं नंतर. कपाटात मागच्या चार-पाच दिवाळ्या सापडतात. पायांना मालिश करणारं यंत्र, खोक्यासकट. तीन शाली, घडी न मोडलेल्या. टॅब, काचेवरचं प्लास्टिक तसंच. शुगर-फ्री मिठाईचा डबा, त्यात आता सुईदोरा. "लेकाने पाठवलंय हो, फार छान आहे," म्हणत आजी सगळं पुन्हा आत सारतात.

मी व्यवसायोपचारतज्ज्ञ. लोक मला फिजिओ म्हणतात आणि मी पंचवीस वर्षं खुलासा करते आहे. १९५० साली कमला निंबकरांनी मुंबईच्या केईएम रुग्णालयात या विषयाचं शिक्षण सुरू केलं. आमच्या पहिल्या तुकडीलाही हाच खुलासा करावा लागला असणार. फिजिओ खांदा किती वर जातो ते बघतो. मला तो हात फडताळातल्या डब्यापर्यंत पोचतो का आणि पुढे झाकण उघडतं का, यात रस. दिवाळी जवळ आली की मुलांचे फोन येतात, "आईला काय घेऊ?" मी विचारते, "सकाळी उठल्यापासून त्या काय काय करतात?" पलीकडे शांतता.

नरकचतुर्दशीची पहाटच घ्या. अंधार, झोपमोड, अंगाला तेल, त्यावर उटणं, फरशीवर दोन्हींचा चिखल, बसायला चार बोटं उंचीचा पाट आणि कढत पाणी. ऊन पाण्याने रक्तवाहिन्या सैलावतात, रक्तदाबाची गोळी चालू असते, आणि आजोबा पाटावरून एकदम उभे राहतात. डोळ्यांपुढे अंधारी येते, हात आधार शोधतो आणि सापडतो तो टॉवेलचा दांडा. तो दोन बारक्या स्क्रूंवर, ओला टॉवेल पेलण्यापुरता बसवलेला असतो. भिंतीत नीट ड्रिल करून बसवलेली पकडदांडी ही माझ्या यादीतली पहिली भेट. रबराच्या वाट्यांनी टाइल्सला चिकटणारी नको, ती ऐन वेळी सुटते. पाटाऐवजी पाठ असलेलं स्टूल, बसल्यावर तळवे जमिनीला पुरते टेकतील इतकं उंच. हे सगळं वसुबारसेच्या आत बसवून घ्यायचं. भाऊबीजेला रंगीत कागदात गुंडाळून दिलेली पकडदांडी कपाटातच जाते, मी पाहिली आहे.

उपदेश करणारीही चुकते. माझ्या वडिलांना मी एका पाडव्याला काठी दिली. उंची मोजून; हात सैल सोडून उभं राहिल्यावर मनगटाची घडी जिथे येते तिथे मूठ. खाली नवं रबरी बूच. आईने त्या काठीने वर्षभर दोरीवर धुणं वाळत घातलं. बाबांचं म्हणणं एकच, "काठी घेतली की माणूस म्हातारा होतो." पुढच्या वर्षी नातवाने ट्रेकिंगची काठी आणली, तर तीच घेऊन बाबा तळजाईच्या टेकडीवर मित्रांमध्ये मिरवतात. ज्याला काठीवर खरोखर अंगाचा भार टाकावा लागतो, त्याला ती पातळ काठी चालणार नाही. बाबांना तोल सावरण्यापुरतीच हवी होती, म्हणून मी गप्प बसले. नातवाने आजोबांना डोंगर दिला होता, मी म्हातारपण.

डोळ्यांबद्दल थोडक्यात. साठीतल्या डोळ्याच्या पडद्यावर विशीतल्या डोळ्याच्या साधारण एक तृतीयांश उजेड पोचतो. मोठ्या अक्षरातलं पुस्तक देण्याआधी खुर्चीशेजारी, मान हवी तशी वळणारा दिवा द्या. पलंगापासून संडासापर्यंत रात्री मिणमिणणारा एखादा बल्बही. आणि काजू-बदामांचा डबा देताना समोरच्याच्या तोंडात कवळी आहे का, ते एकदा आठवा.

हातांबद्दल मात्र मला थांबवू नका. अंगठ्याच्या मुळाशी झिजलेला सांधा पिळणं, चिमटीत धरणं आणि दाबणं ही तीनच कामं अडवतो; पण बायकांचा दिवस त्या तीन कामांनीच भरलेला असतो. लोणच्याची बरणी, कुकरचं झाकण, ब्लाउजचे हूक. सुनेने आणलेली पैठणी आजी का नेसत नाहीत? पैठणी आवडलेली असते. अडतात ते ब्लाउजचे हूक आणि जड काठाच्या निऱ्या. हुकांच्या आत वेल्क्रो शिवून घ्या, बाहेरून हूक तसेच दिसू द्या. हे शेवटचं महत्त्वाचं, कारण हळदीकुंकवाला चार बायका बघणार असतात.

कोथरूडच्या एका आजींना मी विचारलं, दिवाळीत काय हवं? त्या म्हणाल्या, "वीसच्या कोऱ्या नोटा." बँकेचा जिना आता चढवत नाही, एटीएम पाचशेच्या नोटा देतं आणि मुलगा म्हणतो, सगळ्यांना मीच देतो, तू कशाला त्रास घेतेस. नातवंडं, भाचरं, दूधवाला, कामवालीच्या मुली: चाळीस पाकिटं त्या दरवर्षी भरायच्या. दोन दिवाळ्या ते बंद होतं. मुलाने एक बंडल आणून दिलं, पण नवीच अडचण निघाली. कोऱ्या नोटा एकमेकींना चिकटतात आणि म्हाताऱ्या बोटांची टोकं कोरडी, गुळगुळीत, त्यांना नोट सुटी करता येत नाही. रोखपालाच्या टेबलावर ओल्या स्पंजची डबी असते, ती मी स्टेशनरीच्या दुकानातून आणून दिली. वसुबारसेला गेले तेव्हा आजी जेवणाच्या टेबलावर चष्मा सरकवत, बोट भिजवत, हिशेबाची वही उघडून बसल्या होत्या. मुलाला जवळपास फिरकू देत नव्हत्या.

निघताना मलाही एक पाकीट मिळालं. घरी येऊन उघडलं तर वर रुपयाचं नाणं, आणि आत वीसच्या दोन नोटा, एकीला एक चिकटलेल्या. डबीतला स्पंज सुकला असणार.