दाराच्या आत

नांदेडहून लातूरला येताना लोह्यापुढे पावसाने गाठले आणि वडिलांच्या जुन्या प्रीमियर पद्मिनीची डावी काच दारात घसरली. शेजारी बसलेली आई भिजली; बोलली मात्र नाही. गाडी भंगारात द्यावी, हा हट्ट आमचाच होता.

रविवारी अंगणात हँडल काढून रेक्झिनचा पुठ्ठा उचकटला. तो फुगला होता. काच धरणारी पट्टी गंजून सुटली होती. काचेलगतचे पाणी दारात उतरणारच. ते तळाच्या भोकांतून वाहून जावे. ती भोके काळ्या मातीने बुजलेली! सायकलच्या आऱ्याने मोकळी केली. वेल्डरने पट्टी केली. आम्ही जुन्या पुठ्ठ्याच्या मापाने हार्डबोर्ड कापला, मागे प्लॅस्टिक लावले, वर नवे रेक्झिन. रंग मूळचा मिळाला नाही.

आईने काच तीनदा खालीवर केली. मग म्हणाली, “नांदेडला पुन्हा कधी जायचं?”