पाहुण्याचे प्रश्न

ऑस्ट्रेलियन चित्रकार शॉन टॅनची ‘एरिक’ ही गोष्ट २००८ साली त्याच्या एका संग्रहात आली आणि पुढे छोट्या स्वतंत्र पुस्तकाच्या रूपातही निघाली. परदेशातून शिकायला आलेला एरिक एका कुटुंबात उतरतो. त्याच्यासाठी खास खोली सजवलेली, पण तो राहतो कोठीत. त्याला मोठमोठी ठिकाणं दाखवायची घरच्यांना हौस, तर त्याचं लक्ष जमिनीवर पडलेल्या किडुकमिडुक वस्तूंकडे. तो टीचभर उंचीचा, पानासारख्या डोक्याचा आहे, हे मजकुरात कुठेच येत नाही. ते चित्रं सांगतात. मला हे मौन फार आवडलं. त्याच्या दिसण्याची चर्चा न करण्याइतकं हे घर सुसंस्कृत आहे, तरीही एरिक जे प्रश्न विचारतो ते या घराला पेलत नाहीत.

पुणे-नाशिक रस्त्यावरच्या आमच्या पेठेत बसून वाचताना हे परकं वाटत नाही. खोडदच्या रेडिओ दुर्बिणीच्या ओढीनं देशोदेशीचे शास्त्रज्ञ याच रस्त्यानं जातात. कुणी पाहुणा आला की आपला बेत ठरलेला: शिवनेरी, लेण्याद्री, भीमाशंकर, वर मासवडीचा आग्रह. आपुलकी खरीच, पण त्या दिवसभरात पाहुण्याला स्वतःहून काही विचारायला उसंत किती मिळते? कुणी म्हणेल, माहिती न देणं म्हणजे अनास्था. काही अंशी बरोबर आहे. एरिकच्या घरचेही त्याचं विचित्र वागणं ‘त्यांच्याकडची रीत’ म्हणून सोडून देतात, आणि त्यात समजूतदारपणाइतकाच आळसही मला दिसतो. पण त्यांनी त्याला कोठीतून ओढून त्या सजवलेल्या खोलीत नेलं नाही. म्हणूनच तो निघून गेल्यावर त्याच कोठीत त्याची भेट सापडते: वेचलेल्या वस्तूंतून फुललेली चिमुकली बाग.

गोष्टीत असं घडतं, खऱ्या जगात परके येतात ते घ्यायलाच, हा आक्षेप मात्र जुन्नरच्या लेण्यांपुढे टिकत नाही. तिथल्या सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या शिलालेखांत इरिल नावाच्या यवनानं, म्हणजे ग्रीक मानल्या जाणाऱ्या परक्यानं, पाण्याच्या दोन पोढी (टाकी) दिल्याची, तर चिट नावाच्या यवनानं संघाला भोजनमंडप दिल्याची नोंद आहे. हे लोक इथलेच होऊन गेले होते, त्यांना पाहुणे कसं म्हणायचं, असंही विचारता येईल. इथलेच झाले असतील. दान बौद्ध संघाला, लेख प्राकृतात. तरी नावामागचं ‘यवन’ त्यांनी पुसलं नाही, आणि ते कोरू द्यायला संघाचीही हरकत दिसत नाही.