रायफलीची नजर, जवानाचा खांदा

लष्कराची रायफल सुधारायची म्हटले की आपल्याकडचे बोलणे थेट कॅलिबरवर जाते. 5.56 बरी की 7.62, रशियाची घ्यावी की अमेरिकेची, पुण्याच्या पाषाणमधल्या एआरडीई या शस्त्रसंशोधन संस्थेने आखलेली इन्सास खरेच इतकी वाईट होती का, यावर चिपळुणातल्या निवृत्त फौजींच्या बैठका तासन्‌तास रंगतात. मी पायदळात एसएलआर, इन्सास आणि एके या तिन्ही वापरल्या आहेत, आणि माझे मत या वादाच्या थोडे बाजूचे आहे. गोळी कुठे जाईल हे नळीइतकेच दोन साध्या गोष्टींवर ठरते: डोळ्यासमोर काय आहे आणि खांद्याला काय टेकले आहे. साईट आणि बट. हे दोन भाग रायफलीबरोबरच, आणि एकमेकांचा विचार करूनच घ्यायला हवेत. आपण रायफल आधी घेतो, साईट काही वर्षांनी, आणि बटाचा विचार जवानावर सोडून देतो.

आधी साईटचे गणित. एकेची मागची खाच आणि पुढचा शेंडा यांत साधारण 38 सेंटिमीटर अंतर आहे. शिस्त घेताना शेंडा खाचेत एक मिलिमीटर इकडेतिकडे झाला, तर 300 मीटरवर गोळी जवळपास 80 सेंटिमीटर बाजूला जाते. म्हणजे छाती चुकली, माणूसच चुकला. रेंजवर पालथे पडून, श्वास रोखून हा मिलिमीटर सांभाळता येतो. धापा टाकत चढण चढून आल्यावर नाही. शिवाय लोखंडी साईटमध्ये डोळ्याला मागची खाच, पुढचा शेंडा आणि लक्ष्य अशा तीन अंतरांवरच्या गोष्टी एकाच वेळी पाहायच्या असतात, आणि डोळा एका वेळी एकच स्पष्ट पाहू शकतो. चाळिशी उलटलेल्या सुभेदाराला विचारा, शेंडा धूसर का दिसतो ते. लाल ठिपक्याची साईट किंवा चार पट मोठे दाखवणारी दुर्बीण ही अडचणच काढून टाकते. लक्ष्य आणि खूण एकाच अंतरावर दिसतात. ब्रिटिशांनी 1980 च्या दशकात आपल्या एसए-80 रायफलीबरोबर पायदळाला चार पटीची सुसॅट दुर्बीण दिली. त्या रायफलीच्या यंत्रणेविषयी त्यांच्या सैनिकांनी पुढे कितीतरी वर्षे तक्रारी केल्या. दुर्बिणीची मात्र तारीफच झाली.

बटाची गोष्ट तर याहून जुनी आहे आणि आपण ती विसरलो आहोत. कोकणातले शिपाई पहिल्या महायुद्धात ज्या जातीची .303 ली-एन्फील्ड घेऊन लढले, तिचे लाकडी बट वेगवेगळ्या लांबीचे बनत. नेहमीच्या मापापेक्षा अर्धा इंच लांब, अर्धा इंच आखूड आणि अगदी बुटक्या माणसासाठी त्याहून आखूड, आणि बटावर तसे अक्षर ठोकलेले असे. साहेबाच्या लष्कराला माणसाचा हात मोजायचे सुचले होते. इन्सासच्या बटाला मागची पट्टी त्याच ली-एन्फील्डची आली, आत तेलाची बाटली आणि सफाईचे सामान ठेवायच्या खणासकट; मापे मात्र आली नाहीत. त्यात बीपी, म्हणजे बुलेटप्रूफ, जॅकेट घातले की खांदा इंच-दीड इंच पुढे येतो, म्हणजे ठरावीक लांबीचा बट आपोआप तेवढा लांब होतो. पाच फूट चार इंचांच्या जवानाची मान ताणली जाते, कोपर उघडते, डोळा साईटपासून दूर राहतो. पालथे पडून फायर करताना डोक्यावरचा बुलेटप्रूफ पटका मागून कॉलरला अडतो ते निराळेच. असा जवान दोन फैरींनंतर बट खांद्यावरून सरकवून काखेकडे नेतो, आणि फायरिंग शिकवणारा उस्ताद त्याला ‘पकड ढिली’ म्हणून झापतो.

नेमबाजीच्या खेळात हे कोणाला समजावून सांगावे लागत नाही. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने 1 ऑगस्ट 2024 रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये 50 मीटर रायफल थ्री पोझिशन प्रकारात 451.4 गुणांसह कांस्यपदक मिळवले. त्या प्रकारातल्या रायफलीचा बट लांबी, उंची, गालाची पट्टी, खांद्याचा आकडा अशा सगळ्या बाजूंनी नेमबाजाच्या अंगाला बसवलेला असतो, आणि गुडघ्यावर, पालथे, उभे अशा तिन्ही स्थितींत त्यात बदल करतात. अर्थात ऑलिंपिकची रायफल घेऊन कोणी गस्तीला जात नाही, आणि तेवढी नाजूक जुळवाजुळव पलटणीत परवडणारही नाही. पण दर वेळी त्याच जागी गाल टेकला तरच डोळा त्याच रेषेत येतो, हा शरीराचा नियम मैदानात आणि डोंगरात सारखाच आहे.

साईट आणि बट वेगळे सुधारता येत नाहीत, ते याच नियमामुळे. एकेचा बट तिच्या बुटक्या लोखंडी साईटसाठी बेतलेला आहे. तिच्यावर उंच दुर्बीण बसवली की गाल हवेत राहतो आणि जवान हनुवटी टेकून शिस्त घेतो. दर वेळी हनुवटी वेगळ्या जागी, म्हणून दर वेळी डोळा वेगळ्या जागी. दुसरी अडचण बसवण्याच्या जागेची. एकेचे वरचे कव्हर म्हणजे सफाईसाठी निघणारा पातळ पत्रा. त्यावर नुसती पट्टी चिकटवून साईट लावली, तर प्रत्येक सफाईनंतर झिरो, म्हणजे साईट आणि गोळी यांचा जुळवलेला मेळ, हलण्याची शक्यता असते. म्हणून रशियन लोक पूर्वी डाव्या कुशीला पट्टी देत आणि दुर्बीण तिथे अडकवत. अमेठीजवळ कोरव्याला बनणाऱ्या एके-203 मध्ये कव्हरवरची पट्टी आणि लांबी कमीजास्त करता येणारा घडीचा बट हे दोन्ही मुळातच आहेत. डिसेंबर 2021 च्या करारातल्या सहा लाखांहून अधिक रायफलींची मला आवडणारी बाजू हीच. कॅलिबर त्यानंतर.

याउलट 2019 मध्ये 72,400 सिग-716 रायफली घेतल्या. रायफल दणकट, गोळी जोरदार, नळीच्या वरच्या बाजूला साईट बसवायला लांबच लांब पट्टी. रात्री पाहणाऱ्या साईटसाठीचा 659 कोटींचा करार झाला ऑक्टोबर 2025 मध्ये. मधल्या काळात, ऑगस्ट 2024 मध्ये, आणखी 73,000 रायफली 837 कोटींना मागवल्या गेल्या, म्हणजे एक नग साधारण एक लाख पंधरा हजारांना. कोटींचे हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहा. रायफलीची नजर रायफलीच्याच रांगेतला खर्च आहे, आणि तो पहिल्या दिवशी हिशेबात धरला नाही, तर 500 मीटर मारा करणारी रायफल रात्री डोळा जाईल तेवढ्याच अंतराची राहते.

यावर जुन्या उस्तादांचा आक्षेप ठरलेला असतो: नेम माणसाचा लागतो, साईटचा नाही, आधी फायरिंग शिकवा. आक्षेप खरा आहे, पण तो माझ्याच बाजूचा आहे. ट्रिगर कसा दाबायचा, श्वास कुठे थांबवायचा हे कोणतीही काच शिकवणार नाही. पण चुकीच्या लांबीच्या बटावर शिकलेला जवान ती चूकही पक्की करत जातो. दुसरा आक्षेप बॅटरीचा, आणि तो जास्त गंभीर आहे. बर्फात सेल मरतात, घामाने आणि पावसाने काच धुरकटते. चिपळूणच्या माणसाला हे वेगळे सांगायला नको. इथे पावसाळ्यात कपाटातल्या कॅमेऱ्याच्या भिंगाला बुरशी धरते. मात्र त्याचे उत्तर साईट नाकारणे नव्हे. लष्करासाठीची चांगली साईट नायट्रोजन भरून बंद केलेली असते, ठिपक्याच्या साईटचा सेल हजारो तास चालतो, आणि खाली लोखंडी साईट राहतेच. ती काढून टाकायला सांगणाऱ्याचे मात्र ऐकू नये.

तिसरा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे. एकदा पट्टी दिसली की माणसाला तिच्यावर काहीतरी लटकवावेसे वाटते. पुढची मूठ, टॉर्च, लेझर, दोन पायांचे स्टँड. एकेक वस्तू पाव-अर्धा किलोची, आणि चार किलोची रायफल बघता बघता साडेपाचवर जाते. डोंगराच्या पायवाटेवरून वर जाताना तो दीड किलो कोणाच्या खांद्यावर असतो हे सांगायला नको. त्याहून वाईट म्हणजे दिसायला हुबेहूब पण आत कच्च्या असलेल्या स्वस्त नकला. रायफलीच्या धक्क्याने त्यांचा झिरो सरकतो आणि जवानाला वाटते आपलाच नेम बिघडला. म्हणून पलटणीपलटणीने आपापल्या पसंतीचे सामान जोडण्याला माझा विरोध आहे. बदल एकसारखा हवा, तपासून घेतलेला हवा, आणि बिघडल्यावर कोतमधल्या, म्हणजे पलटणीच्या शस्त्रागारातल्या, आर्मररकडे त्याचा सुटा भाग हवा.

असे सामान जोडलेल्या रायफलींचे व्हिडिओ पाहून आपल्याकडची पोरे विचारतात, अशी रायफल परवान्यावर सजवता येईल का? .303 आणि 7.62 सामान्य नागरिकाला मनाईच्या बोअरमध्ये येतात, आणि शस्त्र कायद्याचे सहावे कलम त्यासाठीच्या वेगळ्या परवान्याशिवाय नळी आखूड करायला किंवा एका वर्गाचे शस्त्र दुसऱ्या वर्गात बदलायला बंदी घालते. आवाज दाबणारे नळकांडे तर कायद्याच्या व्याख्येत स्वतःच बंदूक ठरते. ते योग्यच आहे. वानर-डुकरांपासून बागायत राखायला दिलेल्या एकनळीचा छर्रा चाळीस-पन्नास मीटरपलीकडे कामाचा नसतो. तिच्यावर दुर्बीण लावून मिळवायचे काय?

उरतो प्रश्न गोळ्यांचा, ज्यावर खरेदीच्या बातम्यांत कधी ओळ येत नाही. नवी साईट बसली की त्या जवानाच्या त्या रायफलीचा झिरो पुन्हा घ्यावा लागतो. बटाची लांबी बदलली की पकड बदलते आणि ग्रुप, म्हणजे गोळ्या किती जवळजवळ लागतात ते, पुन्हा तपासावा लागतो. रात्रीची साईट चढवली की तिचे वेगळे. हे सगळे वर्षाच्या ठरलेल्या सराव-गोळ्यांतूनच भागवायचे ठरले, तर कंपनी कमांडर झिरोइंगवर काटकसर करणार आणि 659 कोटींच्या साईट दोन क्लिक डावीकडे पाहत राहणार. त्या करारातल्या साईट पलटणींत पोचतील, तेव्हा सोबत प्रत्येक रायफलीमागे झिरोइंगच्या वेगळ्या गोळ्या मंजूर झाल्या का, एवढेच मी विचारीन.