जिन्यावरचा गालिचा



गेल्या आषाढात आमच्या सासूबाई जिन्यावरून घसरल्या. वेल्ह्याचा पाऊस पाहिलेल्या बायकांना जास्त सांगायला नको. तोरण्यावरून ढग खाली उतरले की भिंती, फरशी, घड्या घातलेले कपडे, सगळं ओलसर. आमचं दुकान खाली, घर वर. मधला जिना कडप्प्याचा, चौदा पायऱ्यांचा, वापरून गुळगुळीत झालेला. त्या पडल्या, पण मनगटावर निभावलं.

ह्यांनी त्याच आठवड्यात पुण्याहून गालिचा आणला. वर मऊ, खाली रबर. माणूस बोलावून सगळ्या पायऱ्यांवर चिकटवून घेतला. पाय घसरेना, मुलं खूश, मीही निश्चिंत झाले.

श्रावण निम्मा झाला तशी जिन्यात कुबट वास यायला लागला. वळणावरच्या पायरीचा एक कोपरा सुटला होता, तो उचलून पाहिला. खाली पांढरी-हिरवी बुरशी आणि तिच्यात वळवळणाऱ्या बारीक अळ्या. कडप्पा गार, हवा दमट, आणि रबरामुळे खालची ओल सुकायला वाट नाही. ज्या दिवसांत जीवोत्पत्ती जास्त म्हणून साधू-साध्वी विहार थांबवतात, त्याच दिवसांत आम्ही त्यांच्यासाठी घर करून दिलं होतं आणि दिवसातून वीस वेळा त्यावरून चालत होतो. रोज सामायिकाला बसताना इरियावहियंमध्ये ज्या पणगाची विराधना झाली म्हणून मिच्छामि दुक्कडं म्हणतो, ते पणग म्हणजे हीच बुरशी.

औषध मारा म्हणणारे भेटले. ते शक्यच नव्हतं. तसाच ठेवावा तर जीव वाढत जाणार. काढावा तर आहेत ते मरणार, आणि सासूबाई पुन्हा घसरल्या तर? दोन रात्री मला झोप नाही. शेवटी त्याच म्हणाल्या, “अगं, माझ्या हाडांसाठी एवढं नको. काढ तो.”

त्यांची गादी दुकानामागच्या खोलीत हलवली. मग मी आणि जाऊबाईंनी एकेक पट्टी सावकाश सोडवली, पुंजणीने हलक्या हाताने पुंजलं, जे हलवता आलं ते मागच्या पडवीत सावलीत नेऊन ठेवलं. हिंसा झालीच. कमी व्हावी एवढं पाहिलं. नंतर साध्वीजींकडे आलोचना घेतली.

मी त्यांना विचारलं, आपलं कटासणंही लोकरीचंच, मग दोष कशाचा? त्या म्हणाल्या, कटासणं तू रोज उचलतेस, पाहतेस, झटकतेस आणि घडी घालतेस. ज्याचं पडिलेहण होत नाही, ते पायाखाली घालू नये. ईर्यासमितीत जुवाएवढी, म्हणजे साधारण चार हात पुढची जमीन पाहून चालायचं असतं. जी जमीन झाकलेली आहे ती पाहणार कशी?

मग पडण्याचं काय केलं, तेही सांगते. पाथरवटाकडून प्रत्येक पायरीच्या कडेला तीन उथळ खाचा पाडून घेतल्या. त्यात मुद्दाम चार बोटं अंतर ठेवलं, म्हणजे झाडूने आणि पुंजणीने साफ होतात. भिंतीच्या बाजूलाही कठडा बसवला, आता दोन्ही हातांना आधार आहे. वळणावर दिवा लावला. पायऱ्यांच्या कडांवर पांढरा पट्टा रंगवला, कारण मोतीबिंदूच्या डोळ्यांना काळ्या कडप्प्यावर कड दिसतच नव्हती. जिन्याच्या पायथ्याशी गोणपाट असतं, ओले पाय पुसायला. ते दोन आहेत. एक वापरात, दुसरं चुलीजवळच्या दोरीवर सुकत. बदलताना रोज पाहून झटकते.

खर्च गालिच्याहून कमी आला. पैशाचं मला एवढं नाही. घाईत, प्रेमापोटी केलेली गोष्टही आपण नीट न पाहता करतो, हे मनाला लागलं. तुमच्याकडे जिन्यावर, देवघरापुढे किंवा पलंगाखाली काही चिकटवलेलं, खिळलेलं असेल, तर पाऊस सुरू होण्याआधी, उन्हाळ्यातच काढून ठेवा. तेव्हा खाली बहुतेक धूळच निघते. श्रावणात काढायची वेळ आणू नका.

सासूबाई पुन्हा वर राहायला आल्या आहेत. उतरताना दोन्ही हात कठड्यावर, नजर खाली, एकेक पायरी. परवा मधेच थांबल्या. मी घाबरून विचारलं, “बाई, काय झालं?”

“मुंग्यांची रांग चाललीये,” त्या म्हणाल्या. “जाऊ दे त्यांना.”